ईदच्या स्वयंपाकात मुलांचा वाटा

(तरुण पालकांच्या बैठकीत एका प्राथमिक शिक्षिकेने केलेलं भाषण)

 

मला विषय दिला होता 'सण आणि मुलांवरचे संस्कार'. विषय फार मोठा आहे आणि त्यावर माझ्यापेक्षा चांगलं बोलणारे पुष्कळ आहेत. मी प्राथमिक शाळेत शिकवते. मला लहान मुलं थोडीफार कळतात आणि स्वयंपाक येतो. म्हणून मी विषय छोटा करून घेतलाय. रमजान ईदच्या शिरखुर्म्यात आपल्या घरातली लहान मुलं काय काम करतात, एवढ्यावरच मी बोलणार आहे. समोर काहींच्या मांडीवर लेकरं दिसतायत. ती रडली तरी चालेल, त्यांना बाहेर नेऊ नका. आजचं सगळं बोलणं त्यांच्याबद्दलच आहे.

सुरुवात माझ्या घरापासून करते. काही वर्षांपूर्वी, माझा मुलगा पाच वर्षांचा असताना, ईदनंतर दोन दिवसांनी मी त्याला कागद आणि खडू दिले. म्हटलं, ईदचं चित्र काढ. त्याने चंद्र काढला. मिनार काढला. अब्बांचा पांढरा कुर्ता, स्वतःची टोपी, दादाजान, ताईची हिरवी ओढणी, मोटारसायकल, दारात आलेले शेजारचे काका, सगळं काढलं. मी विचारलं, "आणि मी कुठंय रे?" त्याने चित्रातल्या घराच्या भिंतीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "तू आत आहेस."

मला वाईट वाटलं, पण चित्र चुकीचं नव्हतं. पहाटे चारपासून मी खरंच आत होते. तो दोन-तीनदा दारापर्यंत आला होता, आणि प्रत्येक वेळी मी त्याला म्हटलं होतं, "बाहेर जा, भाजेल." म्हणजे मला चित्राबाहेर त्याने ठेवलं नव्हतं. त्याला स्वयंपाकघराबाहेर मी ठेवलं होतं. पाच वर्षांच्या मुलाने त्यातून एक धडा घेतला होता: ईद बाहेर असते आणि आई आत असते.

माझ्या माहेरीही हेच होतं. नमाजहून आल्यावर भावांना ईदी मिळायची आणि मला भांडी. मी दहा वर्षांची असल्यापासून आत आहे. माझ्या अम्मींना ईदच्या दिवशी पंगतीत बसून जेवताना मी पाहिलेलं आठवत नाही. त्या जेवत असणारच. पण कधी, कुठे, काय उरलं होतं त्यातलं, हे आम्हा चार भावंडांपैकी कुणालाच सांगता येत नाही. अम्मी आता नाहीत. विचारायचं कुणाला?

आता कुणी म्हणेल, पूर्वी असंच असायचं, मुलं कामात कधी नव्हतीच. तसं नाही. शेवया घरी व्हायच्या ते दिवस आठवा, किंवा घरातल्या मोठ्यांना विचारा. उन्हाळ्यात, ईद कधीही येणार असली तरी, वर्षाच्या शेवया करून डब्यात भरून ठेवायच्या. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, शेवया मात्र कडक उन्हातच वाळायच्या. आमच्या गल्लीत पाट मांडला जायचा. एक बाई पीठ ओढायची, दुसरी तार लांबवायची, आणि ते हातावर झेलून काठीवर नाहीतर खाटेवर पसरायचं काम आम्हा मुलांचं. कावळे हाकलायचं कामही आमचंच. त्यात मुलगा-मुलगी असा भेद फारसा नव्हता, कारण हात कमी पडायचे. शेजारच्या हिंदू घरातल्या काकूही यायच्या, कारण शेवया त्यांच्याकडेही लागायच्या. आज आमच्याकडे ओ म्हणताच शेवयांचं पाकीट येतं. त्याबद्दल माझी तक्रार नाही, बायकांची कंबर वाचली. पण पाकिटाबरोबर मुलांचं कामही गेलं, आणि त्याच्या जागी दुसरं काम आपण त्यांना दिलं नाही. त्यांच्या हातात मोबाइल दिला आणि म्हटलं, आता मध्येमध्ये येऊ नका.

तर चित्राच्या पुढच्या वर्षी मी ठरवलं, मुलाला आत घ्यायचं. पहिल्या वर्षी काय झालं तेही सांगते, म्हणजे तुम्हाला वाटायला नको की हे फार सोपं आहे. ईदच्या सकाळी, सगळी घाई असताना, मी त्याला स्टुलावर उभं केलं आणि साखर घालायला दिली. त्याने वाटी उलटी केली ती अर्धी पातेल्यात, अर्धी शेगडीवर. मी साखर पुसायला वळले, तेवढ्यात दूध खाली लागलं. दोन लिटर दूध. त्या वर्षीच्या शिरखुर्म्याला करपल्याचा वास होता. सासूबाई काही बोलल्या नाहीत, आणि न बोलणं जास्त लागतं. मुलगा दिवसभर सगळ्यांना सांगत होता, "मी खराब केलं." तो दिवस मी विसरले नाही.

चूक त्याची नव्हती. चूक वेळेची होती आणि ती माझी होती. लहान मुलाला सगळ्यात घाईच्या तासात, सगळ्यात गरम भांड्याजवळ मी काम दिलं होतं. त्यानंतर मी एक गोष्ट शिकले. मुलांचं काम ईदच्या सकाळी नसतं. ते आदल्या चार दिवसांत असतं.

शिरखुर्मा म्हणजे काय, नीट बघा. माझ्या घरी दहा माणसांचा अंदाज असा: दोन लिटर दूध, शंभर ग्रॅम बारीक शेवया, दहा-बारा खारका, पंचवीस बदाम, तेवढेच पिस्ते, दोन चमचे चारोळी, थोडं खोबरं, पाच-सहा वेलच्या, दीड-दोन वाट्या साखर आणि दोन-तीन चमचे तूप. आता यातलं गॅसजवळचं काम किती? शेवया तुपात परतणं, सुकामेवा परतणं आणि दूध आटवणं. बाकी सगळं काम जमिनीवर सतरंजी टाकून बसून करायचं आहे. तेच मुलांचं.

तीन वर्षांचं मूल भिजवलेल्या बदामाची साल काढू शकतं. बदाम गरम पाण्यात भिजवून निवू द्यायचे आणि मग मुलाच्या हातात द्यायचे. चिमटीत दाबला की बदाम सालीतून सुळकन बाहेर येतो. माझी भाची या कामाला 'बदामाचे कपडे काढणं' म्हणते. पंचवीस बदामांना तिला अर्धा तास लागतो. लागू दे. फक्त एक लक्षात ठेवा, पाच वर्षांखालच्या मुलाने अख्खा बदाम किंवा पिस्ता तोंडात टाकता कामा नये, घशात अडकतो. म्हणून मोठं माणूस शेजारी बसलेलं हवं, आणि त्याच्या हातात फोन नको.

चार-पाच वर्षांचं मूल परातीत शेवया मोडू शकतं. रात्रभर भिजलेल्या खारकेतली बी काढू शकतं. चारोळी निवडू शकतं. किती वाट्या लागतील ते मोजू शकतं. सहा-सात वर्षांचं मूल खलबत्त्यात वेलची कुटतं, साखर वाटीने मापून बाजूला ठेवतं, बिर्याणीसाठी पुदिना निवडतं, लसूण सोलतं. आठ-दहा वर्षांचं मूल तुमच्या शेजारी बसून भिजलेल्या मऊ खारकेचे छोट्या सुरीने तुकडे करतं, यादी लिहितं, दुकानातून सामान आणतं आणि उरलेले पैसे मोजून देतं. माझ्या वर्गात 'वाटी, पाऊण वाटी, अर्धी वाटी' हे शिकवायला मला फळ्यावर आठवडा लागतो. घरी साखर मापताना ते दोन दिवसांत येतं.

गॅसबद्दल माझा नियम एकच आहे: दहा वर्षांच्या आत गॅसला हात नाही, आणि उकळतं दूध कोणत्याही वयाच्या मुलाने उचलायचं नाही. तरी कधी भाजलंच, तर भाजलेला भाग लगेच नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा, चांगली वीस मिनिटं. बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळद नको. मोठं भाजलं असेल तर दवाखाना.

आणि एक. काम खरं द्या. मुलांना खोटं काम लगेच कळतं. त्याने निवडलेली चारोळी तुम्ही त्याच्यासमोर पुन्हा निवडायला घेतलीत, तर पुढच्या वर्षी तो बसणार नाही. खारकेचे तुकडे वाकडे झाले तर वाकडेच पातेल्यात जाऊ द्या. पाहुण्यांना सांगा, या खारका याने चिरल्यात. वाकड्या खारकेने कुठल्याही शिरखुर्म्याची चव बिघडलेली नाही.

आता मी तुमच्यातल्या भावांकडे वळते. इथपर्यंत तुम्ही माना डोलावल्यात, बरं वाटलं. पण दुसऱ्या वर्षी आमच्या घरी काय झालं ते ऐका. मी सतरंजी टाकली. मुलगा, मुलगी, भाची, सगळे बसले. काम छान चाललं. आणि बाजूच्या खुर्चीत आमचे हे बसले होते, टीव्हीवर चांदची बातमी बघत. मध्येच मुलाने विचारलं, "अब्बा, तुम्ही लहान होतात तेव्हा बदाम सोलायचात?" हे म्हणाले, "हो, अम्मी सोलायला लावायच्या." मुलाने विचारलं, "मग बंद कधी झालं?"

खोलीत कुणीच काही बोललं नाही. मग हे उठले, टीव्ही बंद केला आणि खाली येऊन बसले.

मुलाने बरोबर ठिकाणी बोट ठेवलं होतं. आपण मुलांना स्वयंपाकघरात घेतलं आणि बाप बाहेरच राहिला, तर मुलगा शिकतो ते इतकंच की हे काम बायकांचं आणि लहान मुलांचं आहे. मोठा झालो की सुटका. मिसरूड फुटेपर्यंत तो बसेल आणि मग उठून जाईल. म्हणून मुलाला बोलवण्याआधी मुलाच्या बापाने बसायला पाहिजे. ज्यांना वाटतं की यात कमीपणा आहे, त्यांनी सहीह बुखारी उघडून बघावी. पैगंबर (स.) घरात काय करत असत, असं हजरत आयेशा (र.) यांना विचारलं गेलं. त्यांनी जे सांगितलं त्याचा आशय असा की ते घरच्यांच्या कामात असत, आणि नमाजची वेळ झाली की नमाजला जात. हा प्रसंग आपण वाझमध्ये कितीदा ऐकलाय? आणि घरात कितीदा पाहिलाय?

आता मुलींबद्दल. इथे मला उलटं सांगायचं आहे. मुलाला आत आणणं म्हणजे त्याला काही नवीन देणं. मुलीला आत आणायची गरजच नाही, ती आधीपासून तिथेच असते. बारा वर्षांच्या मुलीला 'मदत कर' म्हणताना आपण तिला शिकवत नसतो, तिला कामाला जुंपत असतो. म्हणून तुमच्या घरी मुलगा आणि मुलगी दोन्ही असतील तर यंदा कामाची यादी करून भिंतीवर लावा आणि दोघांची नावं त्यावर लिहा. सारखी कामं, सारखा वेळ. आणि काम संपलं की दोघांनाही बाहेर जाऊ द्या. मेहंदी, नवे कपडे, मैत्रिणी, ईदचा बाजार, यातलं काहीही मुलीच्या वाट्याचं भांड्यांत जाऊ नये.

काही गावांत आता ईदच्या नमाजसाठी स्त्रियांची सोय होते. हजरत उम्मे अतिय्या (र.) यांची रिवायत अनेकांना माहीत असेल. ईदच्या दिवशी स्त्रियांनी आणि मुलींनीही ईदगाहवर यावं, असं पैगंबरांनी (स.) सांगितल्याचं त्यात आहे. जिथे सोय आहे तिथे आपल्या बायका-मुली का जात नाहीत, हे मी माझ्या शेजारणीला विचारलं. ती म्हणाली, "जाईन गं, पण बिर्याणीचं कोण बघणार?" म्हणजे अडचण मसल्याची नव्हती, मसाल्याची होती. कामाची वाटणी नीट झाली तर पुष्कळ दरवाजे आपोआप उघडतात.

फितऱ्याची आठवण करून देते. ईदच्या नमाजआधी घरातल्या प्रत्येक माणसामागे फित्रा निघतो. तान्ह्या बाळामागेही निघतो. ज्या लेकराला अजून उठून बसता येत नाही, त्याच्याही नावाने ईदच्या सकाळआधी कुणाच्या तरी घरी धान्य किंवा पैसे पोचतात, म्हणजे त्या घरातही ईद व्हावी. आपल्या दीनने लहान मुलाला ईदमध्ये वाटा दिलाय, तो फक्त घेण्याचा नाही. मग आपण त्याला फक्त ईदी घेणारा का बनवतो? आमच्या घरी आता फितऱ्याचे पैसे मुलं मोजतात. प्रत्येकाचं नाव घेऊन ढीग लावतात, दादाजानपासून सगळ्यात धाकट्यापर्यंत. आणि ते पैसे कुणाला, कशासाठी द्यायचे, यावर घरात बोलणं होतं. घेणाऱ्याचं नाव मात्र मुलांसमोर उच्चारत नाही, त्याचा मान राहिला पाहिजे.

तसंच डबे पोचवण्याचं. दिवाळीला शेजारून फराळाचं ताट येतं आणि ईदला आपल्याकडून शिरखुर्म्याचा डबा जातो. हे आपल्या गावांमध्ये किती पिढ्यांपासून चालत आलंय. हल्ली मात्र डबे कमी झालेत. फ्लॅटमध्ये दारं बंद असतात, आणि मनात उगाच एक शंका असते की घेतील की नाही. ही शंका मोठ्यांच्या मनात असते. मुलांना ती नसते. माझा मुलगा आणि मुलगी मिळून सात घरी डबे नेतात. परतताना कुणी डब्यात साखर घालून देतं, कुणी चिवडा, कुणी नुसतं डोक्यावरून हात फिरवतं. एका घरच्या आजींनी विचारलं, "कुणी केलं रे हे?" मुलगा म्हणाला, "अम्मीने आणि मी. खारका माझ्या." त्या आजी आता दरवर्षी विचारतात, खारका यंदा कुणाच्या? स्वतः सोललेलं, स्वतः चिरलेलं दुसऱ्याच्या दारात घेऊन जाताना मूल ताठ मानेने जातं. आजच्या दिवसांत आपल्या मुलांना त्या ताठ मानेची गरज आहे, हे मी तुम्हाला वेगळं सांगायला नको.

कुणाला वाटेल, हे सगळं पिस्ते-बदाम परवडणाऱ्यांचं आहे. मी ज्या शाळेत शिकवते तिथली निम्मी घरं एका खोलीची आहेत. तिथे आत आणि बाहेर असं काही नसतंच. चूल, अंथरूण, अभ्यास सगळं एकाच ठिकाणी. आणि खरं सांगते, त्या मुलांना आईचे कष्ट जास्त कळतात, कारण ते त्यांच्या डोळ्यांसमोर असतात.

प्रेमचंदांची 'ईदगाह' ही गोष्ट तुमच्यापैकी अनेकांनी हिंदीच्या पुस्तकात वाचली असेल. चार-पाच वर्षांचा पोरका हामिद ईदच्या जत्रेत जातो. खिशात तीन पैसे. बाकीची मुलं खेळणी आणि मिठाई घेतात. हामिद दादीसाठी चिमटा घेतो, कारण तव्यावरून रोट्या काढताना तिची बोटं भाजतात. शाळेत आपल्याला शिकवलं गेलं की हामिदने त्याग केला. मी ती गोष्ट वर्गात सांगते तेव्हा मुलांना वेगळा प्रश्न विचारते: दादीची बोटं भाजतात, हे हामिदला कसं माहीत होतं? मुलं थोडा विचार करतात आणि मग एखादं म्हणतं, "तो बघत होता ना, बाई." बस्स, इतकंच. तो तव्याजवळ होता. त्याने बघितलं होतं. जी मुलं बाहेर हाकलली जातात, त्यांना आईच्या बोटांबद्दल काही कळायचा मार्गच नसतो. मोठेपणी ती निर्दयी होतात असं नाही. त्यांना माहीत नसतं एवढंच. मी आणि माझे भाऊ, आम्ही वाईट मुलं नव्हतो. आम्हाला कुणी अम्मींच्या ताटाबद्दल विचार करायला लावलं नाही.

वेळ झाली, थांबते. फार मोठं काही करायला सांगत नाही. येत्या ईदला तीन गोष्टी करून बघा. चांदरातीच्या आदल्या दोन संध्याकाळी सतरंजी टाका, आणि बापाने आधी बसावं. मुलगा आणि मुलगी दोघांची नावं एकाच यादीत लिहा. आणि ईदच्या दिवशी, आई जेवायला बसल्याशिवाय कुणी जेवणार नाही, हे बघण्याचं काम घरातल्या सगळ्यात लहान मुलाला द्या. लहान मुलं हे काम फार कडकपणे करतात. आमच्याकडे गेल्या ईदला पाहुणे बसले होते आणि धाकट्याने सगळ्यांना थांबवलं, "थांबा, अम्मी आली नाही." मी ओढणीला हात पुसत बाहेर आले आणि बसले. बिर्याणी गरम होती. ईदच्या दिवशी गरम बिर्याणी मी लग्नानंतर पहिल्यांदाच खाल्ली.

तुम्हा सर्वांना येणाऱ्या रमजानच्या आणि ईदच्या आधीच शुभेच्छा. खुदा हाफिज.